तातीचा फासा आणि दरबारची शिकार

भीमा आणि सीना या नद्यांच्या आसपासचा, पावसाने नेहमीच हात आखडता घेतलेला, खुरट्या गवताचा आणि विरळ बाभळींचा जो विस्तीर्ण माळ सोलापूर व नगर जिल्ह्यांतून पसरला आहे, त्याची मालकी कोणाची, असा प्रश्न पेशवाईतील एखाद्या कमाविसदारास विचारला असता, तर त्याने दप्तराचा रुमाल सोडून गायरान, इनाम, पडीत अशी प्रतवारी वाचून दाखविली असती. परंतु त्या माळाचा खरा उपभोग घेत होते ते काळविटांचे कळप, आणि त्या कळपांच्या मागावर आपली पाले हलवीत फिरणारी फासेपारध्यांची कुटुंबे. सारा भरणारे यांपैकी कोणीच नसल्यामुळे दप्तराला त्यांच्याशी कर्तव्य नव्हते. आपल्याकडे शिकारीचा जो इतिहास लिहिला गेला, तोही याच दप्तरी दृष्टीने लिहिला गेला. त्यात राजा आहे, त्याचा हत्ती आहे, मचाण आहे, विलायती बंदूक आहे आणि मेलेल्या जनावरावर पाय ठेवून काढलेली तसबीर आहे. ज्याने जनावराचा माग काढला, ज्याने ते कोणत्या वेळी कोणत्या पाणवठ्यावर उतरेल हे आदल्या रात्री सांगितले, आणि ज्याच्या घरी हरणाच्या स्नायूंपासून वळलेल्या तातीच्या फाशावाचून दरबारचा चित्ता मुळात दरबारात आलाच नसता, त्याला त्या तसबिरीत जागा मिळालेली नाही. हरणाच्या शिकारीपुरते बोलायचे, तर राजदरबारच्या मृगयेचा सगळा डोलारा या गावठी साधनावर उभा होता, आणि ते साधन करणारा माणूस सरकारी कामावर असला म्हणजे कसबी आणि स्वतःच्या पोटासाठी राबला म्हणजे गुन्हेगार, असा न्याय पुढे या देशात रूढ झाला, एवढेच मला येथे दाखवावयाचे आहे.

या विषयातील आपल्या भागापुरता सर्वांत जुना आणि सविस्तर आधार कल्याणीच्या चालुक्यांच्या घरचा आहे. भूलोकमल्ल ही पदवी मिरविणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने शके 1051 च्या सुमारास, म्हणजे इसवी सन 1129 मध्ये, ‘मानसोल्लास’ नावाचा जो विश्वकोशवजा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, आणि ज्यातील काही मराठी ओळींमुळे मराठीच्या अभ्यासकांस तो विशेष परिचित आहे, त्याच्या विनोदविंशतीत मृगयेस स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. पाककृतींपासून हत्तींच्या चिकित्सेपर्यंत कशालाही वर्ज्य न मानणाऱ्या या राजाने हरणे मारण्याच्या रीतीही तितक्याच आस्थेने नोंदविल्या आहेत: पाणवठ्याशी दबा धरणे, पाळलेल्या हरणाचे आमिष दाखवून रानातले हरीण जवळ आणणे, कुत्री सोडणे, आणि चित्ता सोडणे. चित्त्याकडून हरीण धरविण्याचा भारतातील जुन्यात जुना स्पष्ट उल्लेख तो हाच, असे जाणकार मानतात. राजाने लिहिलेला ग्रंथ असल्यामुळे त्यातली शिकार ही राजाची शिकार आहे हे खरे. तथापि रीती वाचीत गेले म्हणजे त्या राजाच्या डोक्यातून निघालेल्या नाहीत, हे ध्यानात येण्यास फारसे पांडित्य लागत नाही. पाळीव हरीण माळावर सोडून लपून बसणे ही युक्ती ज्याला त्या दिवशी हरीण मिळाले नाही तर उपाशी निजावे लागते त्यालाच सुचते. राजाने ती पाहिली, तिचा विनोद केला आणि तिला श्लोकांत बसविले.

आता खुद्द साधनाकडे वळू. फासेपारध्याचा हरणाचा फासा म्हणजे काही एखादी सुटी दोरी नव्हे. एक लांब कणखर दोर, त्याला हातभर-दीडहात अंतराने बांधलेले सरकगाठीचे फासे, आणि तो दोर जमिनीशी जखडून ठेवणाऱ्या लाकडी मेखा, अशी ती मांडणी असे. गुंडाळली तर एका खांद्यावर मावणारी आणि उलगडली तर हरणाची सबंध वाट अडविणारी. फाशाचा जीव असे तो तातीत. मागे मारलेल्या हरणाच्या पाठीचे आणि पायांचे स्नायू सोडवून वाळवायचे, ठेचून त्यांचे केसासारखे तंतू मोकळे करायचे, मग ते ओलसर करून मांडीवर पीळ देत वळायचे आणि ताणून पुन्हा वाळवायचे, असा हा घरचा उद्योग. सुताची किंवा अंबाडीची दोरी फाशासाठी का चालत नाही, याचे कारण प्रत्यक्ष हाताळल्याशिवाय कळत नाही: ती लुळी पडते. तातीला अंगचा ताठपणा असतो, म्हणून तिचे कडे जमिनीपासून वीतभर उंचीवर, कोणत्याही आधारावाचून, उघडे उभे राहते. तिचा रंग सुकल्या कुसळी गवताच्या रंगात मिसळून जातो. आणि खूर आत पडून झटका बसला की गाठ जी आवळते ती जनावराच्या प्रत्येक धडपडीबरोबर अधिकच आवळत जाते. ज्या हरणाला धरायचे त्याच्याच जातभाईच्या स्नायूंनी त्याला धरायचे, यात कोणाला क्रौर्य दिसेल. मला काटकसर दिसते. जनावराचे मांस खाल्ले, कातडे विकले वा वापरले, शिंगे विकली, आणि उरले ते पुढच्या जनावरासाठी हत्यार झाले. बाजारात दमडीही न खर्चता तयार होणारे असे दुसरे शिकारीचे साधन माझ्या माहितीत नाही.

साधन स्वस्त असले तरी ते मांडण्याची विद्या मात्र स्वस्त नव्हती. काळवीट हे मोकळ्या रानाचे जनावर. सांबर-चितळाप्रमाणे ते झाडीत शिरत नाही, त्याचा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर, आणि एकदा उधळले की ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने माळ तुडविणारे हे जनावर झाडावर चढून बसलेल्या शिकाऱ्याच्या टप्प्यात सहसा येतच नाही. वाघ-बिबट्यासाठी मचाण उपयोगी. माळावर मचाण बांधावे एवढे झाडच नसते, आणि असले तर ते हरणाला दोन कोसांवरून दिसते. म्हणून येथे शिकाऱ्याने जनावरापर्यंत जावयाचे नाही, जनावराच्या पायांनाच शिकाऱ्याकडे येऊ द्यावयाचे, हे तत्त्व. कळप भिऊन पळतो तेव्हा तो वाऱ्यावर उधळलेल्या पाचोळ्यासारखा वाटेल तिकडे जात नाही. नाळेचे तोंड, दोन शेतांमधली पांद, बांधाची खिंड अशा ठरलेल्या जागांतून तो निघतो, आणि त्या जागा पारध्याच्या घरातील पोरासोरांनाही पाठ असतात. तेथे सायंकाळी किंवा भल्या पहाटे फासे मांडायचे, पुरुषांनी बगलेस दबा धरायचा, आणि बायकामुलांनी लांबून, मुळीच घाई न करता, गुरे वळावी तसा कळप हळूहळू त्या दिशेस लोटायचा. आरडाओरडा करून हाका घालण्याची दरबारी पद्धत येथे निरुपयोगी. कळपाला भीती वाटली पाहिजे, पण पळ सुटेल इतकी नव्हे, हे प्रमाण सांभाळणे हेच सगळे कसब. मग शेवटच्या पन्नास-साठ हातांत एकाएकी उठून उसळी घ्यायची. ज्याचा पाय अडकला ते राहिले, बाकीचे गेले.

याच मंडळीचे दुसरे साधन म्हणजे शिकविलेला बैल किंवा गाय. रानातल्या जनावरांना गुरांची सवय असते, तेव्हा चरत चरत, कधी थांबत, कधी मान खाली घालून पुढे सरकणाऱ्या बैलाच्या आड दडून पारधी तित्तिरांच्या थव्याला वळसे घालीत फाशांकडे आणी, आणि हरणांच्याही जवळ पोहोचे. तिसरे साधन खुद्द नर काळविटाचा तापट स्वभाव: पाळलेल्या नराच्या शिंगांवर जाळे अडकवून त्याला माळावर सोडले की रानचा नर आपल्या हद्दीत आलेल्या प्रतिस्पर्ध्यावर चालून जातो, आणि शिंगाला शिंग भिडले की जाळ्यात गुंतून जागचा हलत नाही. अकबराच्या दरबारातील अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त ही रीत बादशाही करमणूक म्हणून वर्णिली आहे. रबीच्या दिवसांत हरणांच्या कळपांनी उभ्या पिकांत धुमाकूळ घातला म्हणजे पाटील आणि बागाईतदार हेच पारध्याला निरोप धाडीत, त्याच्या पालांना गावाच्या शिवेवर जागा देत आणि राखणीबद्दल धान्य घालीत, ही या व्यवहाराची दुसरी बाजूही विसरता येत नाही.

आता दरबाराचा संबंध. चित्ता हा बिबट्यासारखा दिसत असला तरी हाडापेराने तो वेगळाच प्राणी. सडपातळ, लांब पायांचा, मुळात माणसावर सहसा न उलटणारा, आणि थोड्या अंतरात पृथ्वीवरील कोणत्याही चतुष्पादाला मागे टाकणारा. परंतु त्याच्या बाबतीत एक अडचण राजेरजवाड्यांना शतकानुशतके भोवली: तो बंदिवासात जवळजवळ कधीच वीत नसे, आणि रानातून बच्चा आणून वाढविला तर त्याला शिकार येत नाही, कारण ती त्याला आईने शिकवावी लागते. म्हणजे शिकारीसाठी हवा तो रानात स्वतःच्या हिमतीवर जगलेला प्रौढ चित्ता, आणि तोही पाय न मोडता, दात न पाडता, जिवंत धरलेला. आपला हा गावठी फासा येथे राजाच्या कामी आला. चित्ते विशिष्ट झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतात, बुंध्यावर नखे घासतात, त्याच्याशी खेळतात. अशा झाडाभोवती हरणाच्या तातीचे फासे मांडून, लपून बसून, दिवसामागून दिवस वाट पाहणे हे काम दख्खनमध्ये आणि उत्तरेतही फासे टाकणाऱ्या जमातींनीच केले. आईनात दुसरा एक प्रकार नमूद आहे. पूर्वी खोल खड्डे खणून त्यांवर गवत पसरीत, पण त्यांत पडलेल्या चित्त्यांचे पाय मोडत. म्हणून अकबराने दोन-तीन गजच खोल आणि जनावर पडताच झाकण मिटेल असा खड्डा योजिला, असे अबुल फज्ल मोठ्या अभिमानाने सांगतो. बादशहाच्या अंगी यांत्रिक बुद्धी होती हे खरे, पण झाकणाची ही कल्पना सर्वस्वी त्याचीच असेल असे मानण्यास माझे मन तयार होत नाही. दरबारी इतिहासकाराच्या लेखी चांगली कल्पना ही नेहमी तख्तावरच जन्म घेते.

अकबराच्या पदरी एका वेळी 1000 चित्ते होते. त्यांची प्रतवारी होती, प्रतीप्रमाणे शिधा होता. पहिल्या प्रतीच्या चित्त्यास रोज 5 शेर मांस मिळे, आणि रविवारी जनावर मारण्याची मनाई असल्यामुळे शनिवारी दुप्पट वाटप होई. एका चित्त्याने हरणामागोमाग 25 गज रुंदीचा ओहळ ओलांडून शिकार धरली, तेव्हा बादशहाने त्याचा दर्जा वाढवून त्याला सर्व चित्त्यांचा मुख्य नेमले आणि त्याच्यापुढे नगारा वाजविण्याचा हुकूम फर्माविला. एवढे चित्ते बाळगूनही पिले झाली ती एकदाच, पुढे जहांगीराच्या वेळी, साखळी सुटून जोडी जमल्यामुळे, तीन. जहांगीराने ही गोष्ट नवल म्हणून नोंदवून ठेविली आहे. इतर सर्व चित्ते रानातून आले होते, आणि शिकारखान्याची ही भरती वर्षानुवर्षे चालू ठेवण्यासाठी रानातील प्रौढ, विणीच्या वयाचे जनावर सतत उपसले जात होते. पुढे हा प्राणी हिंदुस्थानातून नाहीसा का झाला, याचे एक कारण या हिशेबात आहे. दुसरे माळ मोडून नांगराखाली आणण्यात. आणि तिसरे इंग्रज अमदानीत चित्त्याची गणना उपद्रवी श्वापदांत होऊन त्याच्या मुडद्यावर लागलेल्या बक्षिसांत.

धरलेला चित्ता चित्तेवानाच्या हवाली होई. त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवून त्याला खाटेवर बांधून ठेवीत, आणि दिवसभर बायकामुले त्याच्याभोवती मुद्दाम बोलत, भांडत, हसत बसत, कारण माणसाच्या आवाजाची सवय हा शिक्षणाचा पहिला धडा. नंतर त्याला भरबाजारातून फिरवीत. चित्तेवान पुष्कळदा आपल्या जनावराशेजारी एकाच खाटेवर निजे, हे जॉन लॉकवुड किपलिंगने आपल्या 1891 च्या पुस्तकात लिहिलेले आहे, आणि ते वाचून ज्याला नवल वाटेल त्याने मांजर पाळणाऱ्यांच्या घरी एक रात्र काढावी. शिकारीच्या दिवशी चित्त्याला बैलगाडीवर बसवीत. काळविटाला शेतकऱ्याच्या गाडीचे भय नसते, म्हणून गाडी कळपाभोवती वर्तुळे आवळीत शंभरएक हातांवर येई, टोपी निघे, पट्टा सुटे, आणि पुढचा प्रकार काही पळांत आटोपे. चित्ता पुढच्या पंजाने हरणाच्या मागील अंगाला फटका देऊन त्याचा तोल घालवितो आणि पडलेल्या जनावराचा गळा धरतो. चित्तेवान धावत येऊन हरणाचा गळा कापी, लाकडी पळीत रक्त धरून ती चित्त्याच्या तोंडाशी नेई, आणि त्या गडबडीत त्याच्या डोळ्यांवर पुन्हा टोपी चढे. पहिल्या काही शे हातांत हरीण हाती लागले नाही, तर चित्ता पाठलाग सोडून जागीच बसे, आणि मग त्या दिवशी त्याची मनधरणी करणे व्यर्थ.

दख्खनमध्ये हा षोक शेवटपर्यंत टिकला तो कोल्हापुरास. शाहू महाराजांस, ज्यांची कारकीर्द 1894 पासून 1922 पर्यंत झाली, शिकारीचा आणि जनावरांचा नाद विलक्षण होता. त्यांच्या संस्थानात बैलगाडीची जागा घोड्यांच्या ब्रेकगाडीने घेतली आणि चित्तेवानांची घराणी पदरी राहिली. परंतु तोवर या भागातील रानात चित्ता दुर्मिळ झाला होता, आणि 1918 पासून 1945 पर्यंत भावनगर, कोल्हापूर आदी संस्थानांनी मिळून निदान 200 चित्ते आफ्रिकेतून आणविले. आफ्रिकेचा चित्ता बोटीने येऊ लागला आणि झाडाभोवती ताती मांडून बसणाऱ्या माणसाची दरबारला गरज उरली नाही. हिंदुस्थानच्या रानातील अखेरचे म्हणून ज्यांचा निर्देश होतो ते तीन नर 1947 मध्ये कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रतापसिंह देव यांनी एकाच रात्री गोळीने मारले, आणि 1952 मध्ये तो प्राणी या देशातून नष्ट झाल्याचे सरकारने जाहीर केले.

फासेपारध्याचे दिवस याच्या पुष्कळ आधी फिरले होते. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात पारध्यांचे जे पोटभेद दिले आहेत ते बहुतांशी साधनांवरून पडलेले आहेत: फासे टाकणारे फासेपारधी, बैलाआड दबा धरणारे गायके, चित्ता बाळगणारे चित्तापारधी, जात्याला टाकी लावून पोट भरणारे टाकणकार. धंद्यांची ही यादी करणाऱ्या सरकारपाशी त्याच लोकांची आणखी एक यादी होती. 1871 साली उत्तरेकडील प्रांतांसाठी झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 च्या सुधारणेने मुंबई इलाख्यासही लागू होऊ लागला, आणि ज्याच्या जगण्याची अटच आज येथे तर उद्या तेथे अशी, त्याला दाखल्यावाचून गाव सोडण्यास मनाई आणि गावकामगार पाटलापुढे रोजची हजेरी, असा बंदोबस्त झाला. कळपामागे जावे तर गुन्हा, न जावे तर उपास. आणि उपास पडला म्हणजे शेतातील कणसांवर हात जाई, तेव्हा कायदा करणाऱ्यांना आपले अनुमान बरोबर ठरल्याचे समाधान मिळे. सोलापुरास तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि माळाची प्रत्येक नाळ ओळखणारी माणसे तेथील गिरण्यांच्या भोंग्यावर उठू लागली. इलाख्यातील वसाहतींचे अधिकारी स्टार्ट यांच्यासारखे काही गृहस्थ सद्‌हेतूने वागले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कुंपण हे कुंपणच होते.

या काळात उलट दिशेने एक पाऊल पडले ते कोल्हापुरातच. शाहू महाराजांनी 1918 मध्ये हजेरीची पद्धत आपल्या संस्थानात बंद केली, आणि फासेपारध्यांना सोनतळीच्या आपल्या छावणीजवळ आणून, ज्यांच्या भीतीने इतरांनी राखणदार ठेवावे त्यांनाच राखणीच्या कामावर ठेविले. महाराजांच्या या वर्तनाचे श्रेय त्यांच्या समतावृत्तीला देतात आणि ते यथार्थच आहे. मला मात्र त्यात शिकाऱ्याचा डोळाही दिसतो. ज्याने आयुष्यभर मागाड्यांबरोबर रान तुडविले आहे, त्याला चोर आणि माग काढणारा यांतील फरक पोलिसखात्यापेक्षा अधिक कळतो.

ज्या 1952 साली चित्ता गेल्याचे जाहीर झाले, त्याच वर्षी, 31 ऑगस्टला, गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. परंतु त्याआधीच, 1951 मध्ये, मुंबई राज्यात वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा आला होता. 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा झाला. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले. हरणाच्या दृष्टीने पाहता हे कायदे अगदी आवश्यक होते. बंदुका, जीपगाड्या आणि रात्रीचे झगझगीत दिवे यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत माळावरचे कळप जे विरळ केले, ते फाशांनी काही शतकांत केले नव्हते, आणि नगर जिल्ह्यातील रेहेकुरीचे अभयारण्य 1980 मध्ये घोषित झाले ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे, यावरून किती थोडे वाचवावयास उरले होते ते समजते. पण तुरुंगात जाण्याचा संभव जीपगाडीवाल्यापेक्षा मेखा आणि ताती घेऊन पायी चालणाऱ्यालाच अधिक राहिला. जमीन नाही, सातबारा नाही, पुष्कळांपाशी जातीचा दाखला नाही, आणि पिढीजात विद्या बेकायदेशीर, अशा स्थितीत कित्येकांनी दगडाच्या खाणी, ऊसतोड आणि शेतराखण यांचा आश्रय घेतला. यांपैकी शेतराखण हेच जुन्या कामाला धरून होते.

अकोला आणि वाशिम या जिल्ह्यांत अलीकडे फासेपारध्यांच्या काही वस्त्यांनी गवताळ माळ राखण्याचे काम पत्करले आहे. गवत कापण्याच्या आणि गुरे सोडण्याच्या मुदती त्या वस्त्या स्वतः ठरवितात, आणि पावसाळ्यात तणमोर कोणत्या टापूत उतरला, नराने कोठे उड्या घेतल्या, अंडी कोठे असावीत, याची खबर पक्षितज्ज्ञांना बहुधा त्यांच्याकडूनच मिळते. ज्या गायरानावर हे चालते त्याची नोंद मात्र अजून सरकारच्या नावे आहे, आणि तेथे राखणीचा हक्क कागदोपत्री कोणाला द्यावयाचा, हा अर्ज-विनंत्यांचा व्यवहार महसूल आणि वन या दोन खात्यांमध्ये चालूच आहे.